पाहुणपण संपल्यावर

शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या दिवसांत कुठल्याही कॉलेजच्या आवारात गेलं तर फाटकापासूनच स्वागताचे फलक दिसतात, आणि ते सगळे पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी असतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं अभियांत्रिकीच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी तीन आठवड्यांचा परिचय-कार्यक्रम आखून दिलेला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१९ साली ‘दीक्षारंभ’ या नावानं मार्गदर्शिका काढून तेच बाकीच्या शाखांनाही सांगितलं. यात गैर काहीच नाही. ग्रंथालय कुठे, शिष्यवृत्तीचा फॉर्म कुठल्या खिडकीवर, त्रास झाला तर फोन कुणाला करायचा, हे नव्या मुलाला सांगायलाच हवं. दुसऱ्या टोकाला शेवटचं वर्ष असतं. तिथे कॅम्पस मुलाखती, प्रकल्प, निरोपसमारंभ आणि पायऱ्यांवरचा ग्रुप फोटो. मधल्या एसवायच्या मुलांना मात्र कुणी ‘या’ म्हणत नाही आणि ‘जा’ही म्हणत नाही.

‘दुसऱ्या वर्षाच्या मुलांचं मन कॉलेजात पुन्हा कसं रमवायचं?’ हा प्रश्न बहुतेक ठिकाणी व्यवस्थापनाचा म्हणून विचारला जातो, आणि मग उत्तरही तसंच येतं: आणखी एक व्याख्यान, आणखी एक समुपदेशक, आणखी एक स्नेहमेळावा. मला तो आधी नैतिक प्रश्न वाटतो. जो आधीच आत आला आहे, ज्याची काही तक्रार नाही, ज्यानं फी भरली आहे आणि जो बऱ्यापैकी पासही होतो आहे, त्याचं आपण काही देणं लागतो का?

आधी दुसऱ्या वर्षात नेमकं काय घडतं ते पाहू, कारण ‘मुलांचं मन लागत नाही’ या वाक्याखाली फार वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. पहिल्या वर्षी रॅगिंगच्या भीतीनं नव्या मुलांना शक्यतो वेगळ्या इमारतीत ठेवतात. अनुदान आयोगाचा २००९चा नियमच तसा आहे. वर्ष संपलं की ती इमारत पुढच्या तुकडीसाठी रिकामी करायची. पुढच्या जागा गुणांवर, आणि त्या सगळ्यांना पुरत नाहीत. म्हणजे ज्याचे गुण घसरले, ज्याला सोबतीची जास्त गरज आहे, नेमका तोच बाहेर पडतो. मग पुण्यात कॉट बेसिसवर जागा, एका खोलीत चार कॉट, चौघांची चार कॉलेजं, आणि मेसचा डबा. एसटीच्या पासवर येणाऱ्या मुलाचं वेगळंच. शेवटची गाडी ठरलेली, त्यामुळे कॉलेजातलं जे काही मजेचं घडतं ते त्याची गाडी गेल्यानंतर घडतं. पहिल्या वर्षी त्याला वाटतं, बसेल हळूहळू घडी. दुसऱ्या वर्षी त्याला कळतं की घडी बसलेली आहे आणि ती हीच आहे.

त्यात केटी. आपल्याकडे राहिलेले विषय पाठीवर घेऊन वरच्या वर्गात जायची सोय आहे, ती दयाळू सोय आहे. पण अनेक विद्यापीठांत पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षात पाऊल ठेवता येत नाही. म्हणजे दुसरं वर्ष अनेकांसाठी दोन वर्षांचं ओझं एकाच वेळी उचलण्याचं वर्ष असतं. आणि ते उचलायचं गुपचूप, कारण घरी ‘इंजिनिअरिंगला आहे’ एवढंच सांगितलेलं असतं.

या सगळ्याहून मला महत्त्वाची वाटते ती मैत्रीची गोष्ट. पहिल्या वर्षी ओळखी अपघातानं होतात. हजेरीपटावर शेजारचा नंबर, प्रॅक्टिकलची एक बॅच, प्रवेशाच्या रांगेत पुढे उभा असलेला मुलगा. या अपघातात एक न्याय असतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली मुलगी आणि शहरातल्या महागड्या शाळेतली मुलगी एकाच सूक्ष्मदर्शकावर वाकतात, कारण यादी तसं म्हणते. दुसऱ्या वर्षी शाखा, विषय, फ्लॅट बदलतात आणि अपघाताची जागा निवड घेते. कोण कुणाबरोबर राहणार, चहाला कोण कुणाला हाक मारणार, वीकेंडला लोणावळ्याला जाताना गाडीत कोण बसणार. निवड म्हटली की तिच्याबरोबर पैसा येतो, इंग्रजी येतं, आडनाव येतं. कुणी कुणाला अपमानकारक शब्द बोलत नाही. फक्त ग्रुप लहान होत जातात, आणि एक दिवस एखाद्याच्या लक्षात येतं की आपण कुठल्याच व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाही. वर्गाचा आहे तेवढा, ज्यावर जर्नल सबमिशनच्या तारखा येतात. पहिल्या वर्षी एकटं असण्याला कारण असतं: मी नवा आहे. दुसऱ्या वर्षी ते कारण काढून घेतलेलं असतं. आता एकटेपणाचं कारण आपणच, असं ते मूल धरून चालतं. माझ्या मते त्या वर्षाची खरी जखम ही.

अमेरिकेत दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ‘सोफोमोर’ म्हणतात आणि या घसरणीला ‘सोफोमोर स्लम्प’ असं नावही आहे. त्या शब्दात ‘शहाणा’ आणि ‘मूर्ख’ असे दोन ग्रीक शब्द एकत्र नांदतात असं सांगितलं जातं. आपल्याकडे त्याला ना टिंगलीचं नाव आहे ना काळजीचं. असो.

इमॅन्युएल कांटनं १७९५ साली ‘शाश्वत शांतते’वर एक छोटा निबंध लिहिला. विषय राष्ट्रांचा होता, कॉलेजचा नव्हे. पण त्यात त्यानं केलेला एक भेद इथे कामाला येतो. परक्या माणसाला दुसऱ्याच्या भूमीवर पाऊल ठेवल्यावर शत्रूसारखं न वागवलं जाण्याचा हक्क आहे, असं तो म्हणतो. हा येण्याचा हक्क, आणि तो सर्वांना आहे. राहण्याचा हक्क मात्र वेगळा. त्यासाठी यजमानाला त्या माणसाशी वेगळा, आपुलकीचा करार करावा लागतो, ज्यानं तो काही काळासाठी घरातलाच एक होतो. आपण स्वागत समारंभात देतो तो येण्याचा हक्क. वर्षभरानं पाहुणपण संपतं, आणि राहण्याचा करार लिहायचं कुणाच्या ध्यानीमनी नसतं. पाहुण्यानं फार दिवस मुक्काम ठोकू नये, हे आपल्या म्हणीही सांगतात. पाहुण्याचा घरचा माणूस कसा होतो, याबद्दल म्हणी गप्प आहेत, कारण घरात त्याची गरजच पडत नाही. घरचं माणूस जन्मानं किंवा लग्नानं येतं. कॉलेजात तसं येत नाही.

इथे एक रास्त हरकत आहे. ही एकोणीस-वीस वर्षांची माणसं आहेत, मतदार आहेत. एकटं पडणं, कंटाळणं, चुकीची शाखा घेतली का म्हणून रात्रभर जागणं हेही शिक्षणच. त्यात मध्ये पडणारी संस्था विद्यार्थ्याला कायमचं बाळ करून ठेवते. शिवाय एकांत हा काहींचा हक्क असतो. ग्रंथालयाच्या कोपऱ्यात सुखानं वाचत बसलेल्या मुलीला ओढून स्नेहमेळाव्यात नाचायला लावणं हा अत्याचार आहे, आणि तो आपल्याकडे उत्साहानं केला जातो. मला ही हरकत निम्मी मान्य आहे. एकांत निवडलेला असेल तर त्याला हात लावू नये. पण निवडण्यासाठी दुसरी बाजूही उघडी असावी लागते. ज्याला कुणी बोलावलेलंच नाही, त्यानं एकांत निवडला असं म्हणणं ही आपली सोय झाली.

आणि कुणी बोलावलं नाही म्हणून आपलेपणाची भूक मरत नाही. ती वाईट वाटेनं भागते. महाराष्ट्रानं रॅगिंगविरोधी कायदा १९९९ साली केला, आणि तो हवाच होता. पण रॅगिंग करतं कोण, याकडे नीट पाहिलं पाहिजे. अनेक प्रकरणांत तो एकच वर्ष पुढे असलेला मुलगा असतो, काल ज्याला कॉरिडॉरमध्ये उभं केलं होतं तोच. आवारात त्याला स्वतःचं असं काही मिळालेलं नसतं. मिळालेली एकच गोष्ट म्हणजे त्याच्याहून नवं कुणीतरी आलं आहे. ‘मी इथला आहे’ हे सिद्ध करण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे दुसऱ्याला ‘तू इथला नाहीस’ असं जाणवून देणं. यानं गुन्हा सौम्य होत नाही. पण आपण पहिल्या वर्षाला कुंपण घालतो आणि दुसऱ्या वर्षाच्या हाती काहीच देत नाही, ही व्यवस्था अर्धीच आहे.

काय द्यायचं? माझं उत्तर साधं आहे: काम. स्वागत पाहुण्याचं करतात; घरच्या माणसाला काम सांगतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं, तिथे निरनिराळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत, एका पंगतीत जेवत. आज आपण त्याकडे समतेचा प्रयोग म्हणून पाहतो आणि ते बरोबरच आहे, पण त्यात आणखी एक शहाणपण होतं. पाळी असलेला मुलगा आला नाही, तर इतरांच्या भाकरी अडत. त्याची गैरहजेरी कुणाच्या तरी पोटाला कळत असे. पुण्यात १९५५ साली अच्युतराव आपट्यांनी उभारलेल्या विद्यार्थी सहायक समितीच्या वसतिगृहांतही खेड्यांतून आलेली मुलं कामं वाटून घेत आली आहेत. अॅरिस्टॉटल मैत्रीबद्दल लिहिताना म्हणतो की पुरेसं मीठ एकत्र खाल्ल्याशिवाय माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. आपल्याकडे मीठ खाण्याचा अर्थ उपकाराशी बांधलेला आहे, त्याच्याकडे काळाशी. बोर्डिंगच्या पंगतीत दोन्ही अर्थ असावेत.

आजच्या कॉलेजातही याची रूपं शिल्लक आहेत. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर. कागदावर ते तास कसे भरले जातात हे आपण सगळे जाणतो, त्यावर न बोललेलं बरं. पण शिबिराच्या गावात चौथ्या दिवशी, थंडीत, पन्नास माणसांच्या चहाची जबाबदारी अंगावर पडलेला मुलगा पाहावा. किंवा १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी पाहाव्यात. प्रेक्षकाला नट दिसतात. पण ठरलेल्या मिनिटांत सेट उभा करणारी, अंधारात नेमक्या क्षणी प्रॉपर्टी हातात देणारी जी पोरं असतात, त्यांना कुणी ‘तुला इथे बरं वाटतं का?’ असं विचारत नाही. तसं विचारायची गरज पडत नाही.

इथे सावध राहायला हवं, कारण काम देणं आणि राबवून घेणं यांत आपल्या संस्था फरक करत नाहीत. प्रमुख पाहुणे यायचे असले की दुसऱ्या वर्षाची मुलं आठवतात: टी-शर्ट वाटा, खुर्च्या लावा, पुष्पगुच्छ आणा, मागे उभे राहा. ओळख त्यानंही होते, पण संस्थेशी नाही, संस्थेच्या उद्धटपणाशी. मी फरक असा करतो: त्या कामात मुलाला काही ठरवता येतं का? त्याच्या ‘नाही’ला किंमत आहे का? नव्या मुलांच्या स्वागतासाठी दुसऱ्या वर्षाला नेमायचं असेल, तर त्या तीन आठवड्यांत काय असावं हेही त्यांनाच ठरवू द्यावं. गेल्या वर्षी कुठली माहिती मिळाली नाही, कुठल्या खिडकीवर आपला अपमान झाला, हे त्यांच्याइतकं ताजं कुणाला ठाऊक असणार?

आणि अपघात परत आणावेत. निवडीला बंदी घालता येत नाही, घालूही नये; पण प्रॅक्टिकलच्या बॅचेस, प्रकल्पांचे गट, मेसमधल्या कामाच्या पाळ्या दर सत्रात चिठ्ठ्या टाकून बदलता येतात. ‘मुलं नाराज होतात’ म्हणून हे टाळलं जातं. खरं तर नाराज होतात ती आवाज असलेली मुलं. गटाशिवाय उरलेला मुलगा चिठ्ठीवर नाराज होत नाही.

मार्गदर्शक शिक्षक, म्हणजे ‘मेंटॉर’, यांची योजना आता जवळजवळ सगळीकडे आहे, कारण नॅकच्या मूल्यमापनात एका मेंटॉरमागे किती विद्यार्थी हा आकडा द्यावा लागतो. आकडा दिला जातो. फाइलीत सत्राला दोन सह्या असतात. ७५ टक्के हजेरीचा हिशेबही काटेकोर असतो, कमी पडली की पालकांना मेसेज जातो. पण हजेरी आलेल्यांची मोजतात. न आलेल्याबद्दल ‘तो का आला नाही?’ असं विचारणारा माणूस त्या व्यवस्थेत नेमलेला नाही, आणि शिक्षकालाच एकट्याला तसं नेमणं अन्यायाचं आहे. त्यातले कितीतरी जण तासिकेवर आहेत, पुढच्या सत्रात ते स्वतः असतील की नाही हेच त्यांना माहीत नसतं.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त विचार करायला लावतो तो डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेणारा मुलगा. त्याच्या प्रवेशफेऱ्या चालू असताना वर्ग भरू लागलेले असतात. परिचय-कार्यक्रम त्याच्या वाट्याला आलाच नाही, कारण तो पहिल्या वर्षाचा; आणि पहिल्या वर्षाच्या ओळखी नाहीत, कारण तो तेव्हा इथे नव्हता. तो पाहुणा न होताच घरात शिरला आहे. गणितात तो मागे पडतो, हे सगळ्यांना पहिल्या आठवड्यात कळतं. पण पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये त्यानं लेथवर महिनोन्‌महिने काढलेले असतात, आणि पहिल्या वर्षाच्या शिक्क्यानं पुढे आलेल्या अनेकांनी ते यंत्र दुरूनच पाहिलेलं असतं. त्याला जादा तासाला बसवतात. ‘ये, यांना जॉब लावून दाखव’ असं म्हटलं जातंच असं नाही. बॅचची छापील यादी नोटीस बोर्डावर आधीच लागलेली असते, त्याचं नाव खाली पेनानं लिहितात. पुढच्या वेळी यादी नव्यानं टाइप होते तेव्हा ते नाव कुठल्या बॅचमध्ये आणि कुणाच्या शेजारी जाईल, हे प्रयोगशाळेतलं कुणीतरी ठरवतं. ठरवायला पाच मिनिटं लागतात.