डोंगरावरचा शेजारी

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर डोंगराचा कडा कोसळला. शासकीय नोंदीप्रमाणे वाडीत ४८ कुटुंबे आणि २२८ माणसे होती, बहुतेक ठाकर समाजाची. वर जायला गाडीरस्ता नव्हता. त्यामुळे यंत्रे नेता आली नाहीत. जवानांनी व स्वयंसेवकांनी कुदळ-फावड्यांनी माती उपसली. २७ मृतदेह हाती लागले. २३ जुलैला शोधकार्य थांबले तेव्हा ५७ जणांचा ठावठिकाणा लागलेला नव्हता.

अशी बातमी आली की आपल्या तोंडी दोन वाक्ये सहज येतात. एक, ‘देवाचा कोप झाला.’ दुसरे, ‘असल्या जागी राहायचेच कशाला?’ दोन्ही वाक्ये सोयीची आहेत. मेलेल्यांच्या पदरात दोष टाकून आपण मोकळे होतो.

पहिल्या वाक्याचे उत्तर लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय १३) आहे. सिलोआमचा बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली होती. ती इतरांपेक्षा अधिक पापी होती, हा समज प्रभू येशूने साफ नाकारला आणि ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करायला सांगितले. दुर्घटनेची बातमी मेलेल्यांचा न्याय करण्यासाठी नसते. जिवंतांनी स्वतःला तपासून पाहण्यासाठी असते.

आता दुसरे वाक्य. आपला सह्याद्री मुळात ज्वालामुखीचेच अपत्य आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून उसळलेल्या लाव्हारसाचे थर एकावर एक साचले आणि त्यांचा काळा पाषाण झाला. माथेरान, प्रबळगड, इर्शाळगड त्याच खडकाचे. आग केव्हाच विझली. पण ऊनपावसाने खडक झिजून त्याचा मुरूम आणि माती होते व ती उभ्या उतारावर तोलून राहते. त्या जुलैत खालापूर भागात तीन दिवसांत सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला. पाणी मुरले, माती जड झाली, पकड सुटली.

डोंगरावरच्या माणसाला पावसाळ्यातला डोंगर आपल्यापेक्षा चांगला ठाऊक असतो. पण त्याचा शेतीचा तुकडा, गुरे, लाकूडफाटा, रानमेवा सारे वरच. खाली त्याच्यासाठी जागा कोठे होती? ‘तिथे का राहता?’ असे विचारणाऱ्याने ‘मग कोठे राहा?’ हेही सांगायला हवे.

माळीण (३० जुलै २०१४) आणि तळिये (२२ जुलै २०२१) या दुर्घटनांनंतरही इर्शाळवाडीचे नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हते, असे शासनानेच विधानसभेत सांगितले. समजा, नाव यादीत असते आणि वेळेवर इशाराही दिला असता. तरी एक नैतिक प्रश्न उरतोच. इशारा खोटा ठरला तर त्याची किंमत कोणी मोजायची?

कॅरिबियन समुद्रातील दोन फ्रेंच बेटांवर हा प्रश्न दोन्ही अंगांनी उभा राहिला. मार्टिनिक बेटावरचा पेले ज्वालामुखी १९०२ साली कित्येक दिवस धूर आणि राख ओकत होता, तरी सेंट पियरे हे गाव रिकामे केले गेले नाही. ८ मे रोजी, प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या सकाळी, काही मिनिटांत सुमारे २८,००० माणसे मेली. पुढे १९७६ मध्ये शेजारच्या ग्वाडेलूप बेटावर सुफ्रिएर ज्वालामुखी खदखदू लागला. तेथे ७०,००० हून अधिक लोकांना हलवले आणि कित्येक महिने घरापासून दूर ठेवले. मोठा उद्रेक झालाच नाही. अधिकाऱ्यांवर पुष्कळ टीका झाली.

पण पहिली चूक कबरीपर्यंत नेते. दुसरी घरी परत येऊ देते. म्हणून फुकट गेलेला इशारा हा खोटेपणा नव्हे. मात्र त्याचा भार सारखा वाटला जात नाही. हातावर पोट असलेला माणूस चार रात्री लेकराबाळांसह खाली आला, त्याची मजुरी बुडाली, कोंबड्या-शेरडांकडे पाहायला कोणी उरले नाही आणि डोंगर जागचा हलला नाही, तर पाचव्या रात्री तो येणार नाही. आपण त्याला हट्टी म्हणू. खरे तर चारही रात्रींची किंमत त्याने एकट्याने मोजलेली असते. ‘खाली या’ हे शब्द प्रेमाचे तेव्हाच ठरतात, जेव्हा सुरक्षित जागी राहणारे आपण त्या किमतीचा वाटा उचलतो.

दरडीतून वाचलेल्यांना पुढे चौकजवळ तात्पुरता निवारा मिळाला आणि सिडकोमार्फत कायमच्या घरांचे काम हाती घेण्यात आले. हे चांगलेच झाले. पण जी जमीन ८४ माणसे गेल्यावर सापडते, ती आधी का सापडत नाही?

कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवर आजही अनेक वाड्या आहेत. तिथली माणसे आपल्याला परकी नाहीत. भाजी, करवंदे, रानभाज्या घेऊन तीच बाजारात येतात, आपल्या घरांच्या बांधकामावरही तीच राबतात. जून लागण्याआधी आपल्याला काही गोष्टी करता येतील. आपल्या भागातील वाड्यांची माहिती घ्यावी, तिथल्या माणसांना डोंगरात काय बदल दिसतो ते विचारावे, ते ग्रामपंचायतीच्या व तहसील कार्यालयाच्या कानावर घालावे. मुसळधार पावसाच्या रात्री कोणाचा ओटा, कोणाची खोली, कोणते सभागृह उघडे असेल हे आधीच ठरवावे. सोबत शिधा आणि बुडालेल्या मजुरीची थोडी भरपाईही असावी.

डोंगर न कोसळता रात्र सरली, तर ती मदत वाया गेली असे मानू नये. सकाळी त्यांना चहा द्यावा आणि पुन्हा पाऊस वाढला की निःसंकोच या, असे सांगावे.