भीड आणि समुद्र

मराठींत ‘भीड’ म्हणून जो शब्द आहे त्याला नेमका प्रतिशब्द परभाषेंत आम्हांस अद्याप सांपडलेला नाहीं. ती लाज नव्हे, भीति नव्हे, आदरही नव्हे. तिहींचाही थोडथोडा अंश तींत आहे. पाहुणा नको असलेलें पक्वान्न भिडेनें खातो, गृहस्थ परत न येणारे पैसे मित्राला भिडेनें देतो, आणि लग्नाच्या याद्यांवर मुलीचा बाप भिडेनें सही करतो. भीड भिकेची बहीण, असें आपल्याकडील वडील माणसें सांगत आलीं. म्हणजे भिडेपायीं फार तर दारिद्र्य येईल, एवढीच त्यांची काळजी. ती प्राणावरही बेतूं शकते हें आम्हांस कळलें तें कॅलिफोर्नियांतील एका समुद्रकिनाऱ्यावर. त्या प्रसंगीं आमचें वर्तन भूषणावह नव्हतें. तथापि प्रश्न सर्वांच्याच घरचा आहे, म्हणून तो येथें मांडीत आहों.

नोकरीच्या निमित्तानें आम्ही बरींच वर्षें तिकडे आहों, आणि पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राखालीं उतरण्याचा नाद आम्हांस उतारवयाच्या उंबरठ्यावर लागला. मॉन्टेरेच्या दक्षिणेस, कार्मेल गांवाजवळ, मोनॅस्टरी बीच नांवाचा किनारा आहे. हमरस्त्यापलीकडे कार्मेलाइट जोगिणींचा मठ आहे, त्यावरून हें नांव पडलें. पाणबुड्यांनीं त्यावर कोटी करून त्याला ‘मॉर्च्युअरी बीच’, म्हणजे प्रेतागाराचा किनारा, असें दुसरें नांव दिलें आहे, आणि ती कोटी निव्वळ विनोदासाठीं केलेली नाहीं. गुहागरचा किंवा मुरुडचा किनारा ज्यांनीं पाहिला आहे त्यांच्या डोळ्यांपुढें दूरवर पसरलेली सपाट ओली वाळू येईल. तेथें लाट लांबच फुटते आणि कांठाशीं येईतों तिचा जोर सरतो. कार्मेलला तसें नाहीं. पाण्याखालची एक प्रचंड दरी तेथें जवळजवळ किनाऱ्यापर्यंत आलेली आहे, आणि वाळूचा उतार कौलारू छपरासारखा आहे. पॅसिफिक महासागरांत दूरवर उठलेली लाट आपला जोर राखून येते आणि अगदीं कांठाशीं, माणसाच्या पायांवर, फुटते. वाळू जाड, ज्वारीच्या दाण्यासारखी. तींत पाय रुततात, आणि परतणारें पाणी ती पायांखालून ओढून नेतें. टाकी, शिशाचीं वजनें आणि जाड रबरी पोशाख अशा थाटांत पडलेल्या मनुष्यास उठतां येत नाहीं. म्हणून जाणते लोक बाहेर येतांना उभें राहण्याचा प्रयत्नच करीत नाहींत. चार हातापायांवर रांगत वर येतात. मोठमोठ्या हुद्द्यांचीं माणसें तान्ह्या मुलासारखीं रांगतांना पाहून प्रथम हसूं येतें. एकदां लाटेचा तडाखा बसला म्हणजे येत नाहीं.

इतकें असून तेथें जावें तरी कशाला, असें वाचक विचारतील. तेथील पाण्यांत केल्प नांवाच्या समुद्रवनस्पतीचीं वनें आहेत. तळापासून पृष्ठभागापर्यंत वीस-पंचवीस मीटर उंच वाढलेलीं, आणि निवळ पाण्याच्या दिवशीं त्यांतून ऊन देवळाच्या गवाक्षांतून यावें तसें खालीं उतरतें. हें ज्यानें एकदां पाहिलें तो पुन्हां जातो. याहून अधिक समर्थन आमच्यापाशीं नाहीं.

त्या दिवशीं आम्ही चौघे मित्र पहाटें सॅन होझेहून निघून दीड तासानें तेथें पोहोंचलों. लाटा छातीइतक्या होत्या. लाटा तांड्यांनीं येतात, कांहीं मोठ्या, मग थोडा विसावा. त्या विसाव्यांत आंत शिरावयाचें असतें. आम्ही पंधरा मिनिटें पाहत उभे होतों, आणि विसावा असा फारसा आलाच नाहीं. पाण्याचा रंग चहासारखा झालेला. चौघांपैकीं ज्यानें बेत आंखला होता तो म्हणाला, “काय, जायचं ना?” डॉक्टरमित्र म्हणाले, “तुम्ही म्हणाल तसं.” सर्वांत धाकटा कांहींच बोलला नाहीं, तो पट्टे आवळूं लागला. मग तिघांनींही आमच्याकडे पाहिलें. आम्ही वयानें वडील, बुड्याही आमच्याच सर्वांत अधिक. आम्हीं म्हटलें, “ठीक दिसतंय.”

पाण्याखालीं पसरलेल्या हातापलीकडे कांहीं दिसत नव्हतें. बेत आंखणारा मित्र आमचा जोडीदार होता. तो पांच मिनिटांत दिसेनासा झाला. अशा वेळीं मिनिटभर शोधावें आणि जोडीदार न दिसल्यास दोघांनींही वर यावें, असा नियम आहे. आम्ही वर आलों. तो आला नाहीं. तो आला चार मिनिटांनीं. आम्ही खालींच कोठें अडकलों असूं या धास्तीनें तो नियम मोडून शोधीत राहिला होता. तीं चार मिनिटें आम्हीं कशीं काढलीं तें लिहिण्यांत अर्थ नाहीं. परततांना त्याला लाटेनें उचलून वाळूवर आपटलें आणि त्याचा खांदा निखळला. धाकट्यानें आणि डॉक्टरांनीं त्याला बाहेर ओढला नसता तर पुढची लाट त्याला परत घेऊन गेली असती.

रुग्णालयाच्या बाकावर बसलों असतां एकेकानें कबुली दिली. डॉक्टरांना आंत जावयाचें नव्हतें. धाकट्याला नव्हतें. आम्हांस तर नव्हतेंच. पुढें खांदा गळ्यांत अडकवून फिरणाऱ्या त्या मित्रानें सांगितलें कीं त्यालाही नव्हतें. सर्वांना पहाटें उठवून आणलें, आतां आपणच कसें नाहीं म्हणावें, असें त्याला वाटलें!

जेरी हार्वी नांवाच्या अमेरिकन प्राध्यापकानें १९७४ सालीं अशीच एक गोष्ट लिहिली होती. टेक्ससमधील कोलमन गांवीं त्याच्या सासुरवाडीचीं माणसें घरांत सुखानें बसलीं असतां कोणी सुचविलें म्हणून भर उन्हाळ्यांत, धुळींतून, ५३ मैलांवरील ॲबिलीन शहरीं जेवावयास गेलीं. जेवण वाईट मिळालें. आणि परतल्यावर कळलें कीं जावें असें कोणाच्याच मनांत नव्हतें. हार्वीच्या गोष्टींत दुपार फुकट गेली. हसून सोडून देतां येते.

प्लेटोच्या ‘लॅकीस’ संवादांत धैर्य म्हणजे काय याची चर्चा आहे, आणि तींत सॉक्रेटीस एका सेनापतीला विचारतो कीं, बुडी मारण्याची विद्या नसतां जो विहिरींत उतरतो तो, विद्या असलेल्यापेक्षां, अधिक शूर म्हणावयाचा काय? विहिरींत पोहावयास शिकलेल्या मराठी वाचकास हा दृष्टान्त परका वाटूं नये. भूकंपाला नाहीं कीं लाटांना नाहीं, अशा कशालाच न भिणाऱ्या मनुष्यास ॲरिस्टॉटलही शूर म्हणत नाहीं. वेडा किंवा बधिर म्हणतो. परंतु हे दोघेही तत्त्ववेत्ते आमच्या प्रश्नाला पुरे पडत नाहींत. त्या किनाऱ्यावर आमच्यांत शूर कोणी नव्हता, आणि निर्भयही कोणी नव्हता. आम्ही चौघेही समुद्राला भीत होतों. एकमेकांच्या मताला अधिक भीत होतों, इतकेंच.

मग ‘ठीक दिसतंय’ हे आमचे दोन शब्द असत्य होते काय? कोणाची फसवणूक करण्याचा हेतु नव्हता, उलट कोणाचा हिरमोड होऊं नये ही इच्छा होती; असल्या बोलण्यास व्यवहारांत आपण सौजन्य म्हणतों. पुष्कळ दिवस आम्हीं मनाची समजूत अशीच घातली. ती टिकत नाहीं. गढूळ पाण्यापुढें उभ्या असलेल्या माणसाला समुद्राविषयीं जें कळतें त्यांतलें निम्में तो सोबत्यांच्या चेहऱ्यावरून वाचतो. आमचें मत हा त्यांचा पुरावा होता, आणि तो आम्हीं खोटा दिला. जेवणाच्या पानावर जें सौजन्य तें साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत खोटी साक्ष होतें. त्या सकाळीं आम्ही पिंजऱ्यांत उभे होतों, आणि आमची समजूत अशी कीं आपण पंगतींतच बसलों आहों.

पाणबुड्यांत एक सर्वमान्य नियम आहे: कोणीही, केव्हांही, कोणत्याही कारणासाठीं बुडी रद्द करावी, आणि त्याला कारण विचारूं नये. प्रथम ऐकतांना हा भित्र्यांचा लाड वाटतो. पण कारण मागितलें कीं वाद सुरू होतो, आणि वादांत जिभेचा धनी जिंकतो. ज्याला नुसतेंच पोटांत कसेंसें होतें आहे त्याचा टिकाव लागत नाहीं. नियम शहाणा आहे यांत शंका नाहीं. मात्र तो त्या दिवशीं आम्हां चौघांनाही तोंडपाठ होता! परवानगी दिल्यानें भीड जात नाहीं. धाकट्याला ‘नाहीं’ म्हणण्याचा हक्क होता. पण तो वापरण्यास त्याला जी किंमत पडली असती ती आम्हांस पडली नसती. आम्ही नको म्हटलें असतें तर त्याला कोणीही शहाणपणच म्हटलें असतें. म्हणून दोष चौघांचा सारखा, असें आमचा जखमी मित्र आजही म्हणतो, तें आम्हांस मान्य नाहीं. ज्याचा नकार सर्वांत स्वस्त, त्यानें तो सर्वांत आधीं द्यावयास हवा होता.

पुढच्या शरदांत आम्ही चौघे पुन्हां तेथें गेलों. लाटा मध्यम होत्या. जावें कीं न जावें अशा. सामान गाडींतून काढण्यापूर्वींच आम्हीं म्हटलें, “मला आज नको.” धाकट्याचा चेहरा उतरला. कारण कोणी विचारलें नाहीं. आम्ही थर्मासमधला चहा पीत बसलों असतां दोन अनोळखी माणसें आंत गेलीं, आणि तासाभरानें रांगत वर येऊन मोठ्यानें हसत सांगूं लागलीं कीं खालीं ऊन थेट तळापर्यंत पोहोंचलें आहे. धाकटा तें ऐकत होता. परततांना कॅस्ट्रोव्हिलचीं शेतें मागें पडेपर्यंत गाडींत कोणी बोललें नाहीं, मग त्यानें विचारलें, “पुढच्या शनिवारीं भरती किती वाजतां आहे?”