सैनिकाचा सन्मान आणि पहिले शील



भगवान बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या तसबिरींशेजारी आपल्यापैकी कित्येकांच्या घरात आणखी एक तसबीर असते. ती पलटणीच्या गणवेशातल्या आजोबांची, चुलत्याची किंवा भावाची. पंचशील घेताना आपण पहिलेच शील घेतो ते प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे. आणि ज्याच्या खांद्यावर बंदूक होती त्या माणसाकडे अभिमानाने पाहतो. या दोन गोष्टी एका घरात कशा नांदतात, असे शेजारीपाजारी विचारतात. आता आपली मुलेही विचारू लागली आहेत. या प्रश्नाला बगल देऊन चालणार नाही.

प्रथम धम्म काय सांगतो ते पाहा. वैशालीचा सिंह सेनापती भगवान बुद्धांकडे आला आणि उपासक झाला. सेनापतिपद सोडण्याची अट त्याला घातल्याचे कोठे सांगितलेले नाही. न्यायासाठी लढणेही निषिद्ध आहे काय, ही सिंहाची शंका बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात घेतली आहे. तिचे उत्तर असे की, शांततेचे सर्व उपाय थकल्यावर न्यायासाठी जो लढतो त्याला दोष नाही. ज्याने युद्ध ओढवून आणले त्याला दोष आहे. त्याच ग्रंथात बाबासाहेब मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद करतात. अहिंसा हे त्यांच्या मते तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे.

पण एवढ्यावरच थांबाल तर अर्धाच धम्म हाती लागेल. संयुक्त निकायात एका योद्ध्याची कथा आहे. तो भगवंतांना विचारतो, ‘रणात लढता लढता मेलेला योद्धा देवलोकी जातो, असे आमचे जुने आचार्य सांगत आले, आपले मत काय?’ भगवंत दोनदा उत्तर टाळतात. तिसऱ्यांदा सांगतात की, ‘हे मरोत, हे कापले जावोत’ अशा विचाराने ज्याचे चित्त भरले आहे त्याला सद्गती नाही. योद्धा रडू लागतो. भगवंतांच्या शब्दांनी दुखावला म्हणून तो रडत नाही. आपल्या आचार्यांनी इतकी वर्षे आपल्याला फसवले, याचे त्याला रडू येते.

वाचकहो, या रडण्याचा अर्थ नीट समजून घ्या. मरणाला स्वर्गाचे आमिष दाखवणे सोपे असते, कारण त्याचा खर्च दाखवणाऱ्याला येत नाही. ज्याला जिवंतपणी भाकर, जमीन व मान द्यायचा नाही, त्याला मेल्यावर स्वर्ग देऊन मोकळे होता येते. सैनिकाच्या नावाने नुसता जयघोष करणारेही तेच करतात.

आपल्या वाडवडिलांनी हा अनुभव घेतला आहे. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे कंपनीच्या पलटणीतून महार शिपाई पेशव्यांच्या फौजेशी लढले. पुढे तेथे उभारलेल्या स्तंभावर ‘नाक’ या अक्षरांनी संपणारी त्यांची नावे कोरली गेली. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले होते. पण मधल्या काळात काय घडले? १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. स्तंभावर आजोबाचे नाव, आणि नातवाला पलटणीचे दार बंद! पलटणीने या लोकांना नुसता पगार दिला नव्हता, अक्षरही दिले होते. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. म्हणूनच पेन्शनर गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये आणि शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये भरतीसाठी अर्ज लिहिले. पहिले महायुद्ध पेटले तेव्हा सरकारला माणसांची गरज भासली आणि १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी राहिली. युद्ध संपले, गरज सरली, आणि १९२१ मध्ये ती मोडली. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेबांनी आग्रह धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. ती आजही देशाच्या सेवेत आहे.

दगडावर नाव कोरले म्हणजे सन्मान झाला, असे म्हणता येत नाही, हे या इतिहासाने आपल्याला शिकवले आहे. दगडच पाहायचा असेल तर सम्राट अशोकाचा तेरावा शिलालेख पाहा. कलिंग जिंकल्यावर एक लाख माणसे मारली गेली आणि दीड लाख बंदी करून नेली, हे त्याने स्वतः कोरवून ठेवले. जिंकणाऱ्याने हरलेल्यांचे मृत मोजले आणि पश्चात्ताप व्यक्त केला. शत्रूचा शिपाईही कोणा गरिबाचाच मुलगा असतो, हे ज्याला आठवते, त्यालाच आपल्या शिपायाची खरी किंमत कळते.

मग बौद्ध कुटुंबाने काय करावे? जवानाचा सन्मान करावा, पण त्याने किती मारले म्हणून नव्हे. आपल्या सर्वांच्या वतीने एक अवघड ओझे त्याने उचलले, म्हणून करावा. ज्या हिंसेपासून आपण अलिप्त राहतो, तिचे ओझे दुसऱ्याच्या चित्तावर असते. ते ऋण आहे आणि ऋण फेडायचे असते. सात डिसेंबरला, १९४९ पासून पाळल्या जाणाऱ्या ध्वजदिनी, निधीला हातभार लावा. पण तेवढ्याने ऋण फिटले असे समजू नका. निवृत्त जवानाचे पेन्शनचे कागद अडले असतील तर त्याच्याबरोबर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. रात्री तो दचकून उठत असेल तर त्याला हसू नका, दारूच्या गुत्त्यावर एकटा सोडू नका. विहारात बोलवा, त्याचे ऐकून घ्या. २०२२ मध्ये अग्निपथ योजना सुरू झाली, ती चार वर्षांच्या सेवेची. त्यांतील जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे ठेवण्याची तरतूद होती आणि बाकीच्यांना पेन्शन नाही. असा तरुण घरी परतला तर त्याच्या पुढच्या शिक्षणाची आणि कामाची काळजी समाजाने वाहिली पाहिजे.

आणि जो परतला नाही त्याच्या तसबिरीपुढे नारळ फोडू नका, त्याचा देव करू नका. त्रिशरण-पंचशील घ्या आणि पुण्यानुमोदन करा. त्याच्या पत्नीच्या बांगड्या फोडू नका, तिचे कुंकू पुसू नका, मंगल कार्यात तिला मागे उभी करू नका. तिच्या हक्काचा पैसा दीर-सासरे परस्पर घेत असतील तर पंचांनी मध्ये पडावे.

जवान गावी येईल त्या दिवशी हार जरूर घाला. दुसऱ्या दिवशी मात्र हार न घेता त्याच्या घरी जा आणि त्याला काय हवे-नको ते विचारा.