नळ आला, पुढचा खर्च कोणाचा?

मलकापूरहून बुलढाण्याकडे निघालेली एसटी मोताळ्याला थांबते आणि मग राजूरच्या घाटाला लागते. नळगंगेचे धरण मोताळा तालुक्यातलेच. नकाशा पाहणाऱ्याला वाटावे, इथे पाण्याला काय तोटा! तरी उन्हाळा तापला की टंचाई आराखडे निघतात, खासगी विहिरी अधिग्रहित होतात, टँकरच्या फेऱ्या लागतात.

याच नळगंगेच्या नावाने आता एक अवाढव्य योजना उभी राहते आहे. भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्दचे पाणी सुमारे 426 किलोमीटर वाहून आणून विदर्भाच्या या पश्चिम टोकाला पोहोचवायचे, असा वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्प. 2024 साली त्याला मंजुरी मिळाली ती 87 हजार कोटींहून अधिक खर्चाची. त्या आकड्याशेजारी एखाद्या छोट्या ग्रामपंचायतीची वर्षाची पाणीपट्टी ठेवून पाहावी. पहिल्या खर्चावर मंत्रिमंडळात चर्चा होते. दुसऱ्याचा हिशेब सरपंच आणि ग्रामसेवक जुळवत बसतात, आणि लोकांच्या घरी पाणी रोज येणार की आठवड्यातून एकदा, हे बहुतेक वेळा त्या दुसऱ्या हिशेबावर ठरते.

पैसा बांधकामाला मिळतो, चालवायला मिळत नाही. हे दुखणे सगळ्याच विकसनशील देशांचे. 2016 साली जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी अंदाज मांडला, की सर्वांना सुरक्षित पाणी आणि शौचालय पुरवायचे तर या देशांत वर्षाला सुमारे 114 अब्ज डॉलर भांडवली खर्च लागेल. त्या वेळच्या खर्चाच्या जवळजवळ तिप्पट. हा आकडाही भांडवलाचाच. योजना वर्षानुवर्षे चालवण्याचा खर्च त्याच्यावर वेगळा.

तो खर्च असतो तरी कसला? पंपाचे वीजबिल, पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार, पाणी निर्जंतुक करणारी टीसीएल पावडर, फुटलेल्या पाइपची जोडणी. शिवाय ऐन मे महिन्यात मोटार जळते. ती विहिरीतून वर काढायची, तालुक्याला नेऊन वाइंडिंग करून आणायची, तोवर गाव कोरडे. दुरुस्तीची रक्कम कोट्यवधींच्या योजनेपुढे किरकोळ, पण ग्रामपंचायतीच्या खात्यात नेमकी तेवढीच नसते. वीजबिल थकले की जोडणी तुटते. पाणी नाही म्हणून लोक पट्टी भरत नाहीत, आणि पट्टी नाही म्हणून पाणी येत नाही.

ग्रामीण घरांत नळाने पाणी पोहोचवण्यासाठी 15 ऑगस्ट 2019 रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने मोठी उडी घेतली, हे मान्य करायलाच हवे. तेव्हा देशातल्या जेमतेम 17 टक्के ग्रामीण घरांत नळ होता. माणशी रोज 55 लिटर पाणी देण्यासाठी 3 लाख 60 हजार कोटींचा आराखडा झाला. महाराष्ट्रात केंद्र आणि राज्य यांचा वाटा निम्मा-निम्मा. 2024 ची मुदत मात्र हुकली आणि ती 2028 पर्यंत वाढवावी लागली. 2025 मध्ये राज्यात ठेकेदारांची देयके थकली, अनेक कामे रेंगाळली. या मिशनच्या नियमांत एक फार शहाणी तरतूद आहे. गावाअंतर्गत कामाच्या खर्चात लोकांनी दहा टक्के वाटा उचलायचा, रोख, साहित्य किंवा श्रमाच्या रूपाने. योजना नीट चालू झाली की तेवढीच रक्कम गावाला दुरुस्तीसाठी फिरता निधी म्हणून द्यायची. एवढी एक तरतूद जरी काटेकोर पाळली, तरी जळालेल्या मोटारीचा प्रश्न चार दिवसांत सुटेल.

लोकवर्गणीची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. 2000 साली राज्याने मागणीनुसार योजना आणि दहा टक्के वाटा हे धोरण स्वीकारले. पुढे जागतिक बँकेच्या मदतीने झालेला जलस्वराज्य प्रकल्प त्याच पायावर उभा राहिला. त्याच सुमारास सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने तर अनुदानाऐवजी बक्षीस ठेवले, आणि गावांनी गल्ल्या झाडल्या, पदरमोड करून शौचालये बांधली.

मोताळा तालुक्याने या वाटेवर स्वतःची खूण उमटवली आहे. 2018 च्या सत्यमेव जयते वॉटर कप या गावांच्या जलसंधारण स्पर्धेत इथल्या सिंदखेड गावाने (जिजाऊंचे सिंदखेडराजा वेगळे) राज्यात दुसरा क्रमांक विभागून मिळवला. एप्रिल-मेच्या उन्हात बायका-माणसे टिकाव, फावडी, घमेली घेऊन माळावर चर खणत होती. स्पर्धेतल्या गावांना भारतीय जैन संघटनेने यंत्रे पुरवली, डिझेलला सरकारने हात दिला. शोषखड्ड्यांना आणि पाण्याच्या ताळेबंदालाही तिथे गुण होते. याच जिल्ह्यात महामार्गाच्या भरावासाठी लागणारी माती तलाव आणि नाले खोलून घेतली गेली. रस्त्याच्या पैशात पाणीसाठा वाढवणारी ही रीत ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून ओळखली जाते.

पण श्रमदानाचे कौतुक करताना एक सावधगिरी हवी. पुण्याच्या मध्यमवर्गीय वस्तीत कोणी पाण्यासाठी चर खणत नाही. पुणे महापालिकेने जून 2017 मध्ये चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी 200 कोटींचे रोखे 7.59 टक्के व्याजाने विकले. मोताळ्याच्या नगरपंचायतीला असा बाजार कोण उघडून देणार? ज्यांच्याकडे पत नाही त्यांनी घाम द्यावा, ही वाटणी न्यायाची नाही. गावाने गाळलेला घाम पैशात मोजून त्याच्या खात्यावर जमा धरावा, आणि उरलेला भार सरकारी तिजोरीने उचलावा.

पाणीपट्टी मात्र हवीच. सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या मलकापूरने मीटर बसवले, जास्त वापराला चढता दर लावला आणि चोवीस तास पाणी दिले. लोक पैसे भरतात, पाणी मिळणार याची खात्री असली तर.

स्वच्छतेकडे पैसा आणखी तोकडा वळतो. शौचालय बांधायला सरकारकडून 12 हजार रुपये मिळाले. खड्डा भरल्यावर उपशाचे काय, आणि नळ आल्यामुळे दारात वाढलेल्या सांडपाण्याचे काय, याची सोय कमी. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. तो कुठे गेला, हे ग्रामसभेत कुणी विचारले तर ग्रामसेवकाला सांगता यावे लागते. वॉटर कपच्या गावांनी पाण्याचा ताळेबंद मांडायला शिकून घेतले. आता ग्रामसभेत वीजबिल, थकबाकी, फिरता निधी आणि गेल्या उन्हाळ्यात टँकरवर गेलेली रक्कम यांचेही वाचन व्हावे. टँकरचा पैसा दरवर्षी त्याच त्या गावांत रिता होत असेल, तर तो पाइप आणि पंपाकडे वळवण्याची मागणी गावाला आकड्यांनिशी पंचायत समितीपुढे ठेवता येईल.