इष्टापत्ती

आपल्या भाषेत ‘इष्टापत्ती’ असा एक मोठा सोयीचा शब्द आहे. गाडी चुकली आणि पुढे तिलाच अपघात झाला, की आपण म्हणतो, इष्टापत्तीच झाली! परंतु आपत्ती ज्याने भोगली त्याच्या तोंडून हा शब्द निघणे वेगळे आणि ती दुरून पाहणाऱ्याच्या तोंडून निघणे वेगळे. हा भेद मला माझ्या मावशीने शिकवला.

मावशी छप्पन्न वर्षांची. गेल्या वर्षी ऐन दिवाळीच्या तोंडावर तिची पिशवी काढावी लागली. तपासणीचा कागद आला त्यात दोन गोष्टी होत्या. एक, गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग. सुदैवाने तो अस्तरापुरताच होता. दुसरी, ॲडिनोमायोसिस. म्हणजे गर्भाशयाचे आतले अस्तर त्याच्या स्नायूंच्या भिंतीत शिरून तिथे वाढू लागते, तो विकार. जीवघेणा नव्हे, पण पाळीत विलक्षण दुखते आणि फार जाते. व्हिएन्नाच्या कार्ल रोकिटान्स्कीने १८६० साली त्याचे वर्णन केले. अमेरिकेतल्या थॉमस कलनने १९०८ साली त्यावर ग्रंथ लिहिला. मावशीला मात्र कोणत्याही ग्रंथावाचून त्याची वीस वर्षांची ओळख होती. दर महिन्याला पोटाला फडके आवळून ती भाकऱ्या थापायची. “बाईच्या जातीला हे असायचंच,” असे थोरल्या बायका सांगत, आणि तीही तेच म्हणे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हा जुना विकार असलेल्या बायकांत कर्करोग पुष्कळदा सौम्य निघतो, पुढंही त्यांचं बरं चालतं, असं काही अभ्यासांत आढळलंय.” सगळ्यांना हायसे वाटले. काका म्हणाले, “बघ, इष्टापत्तीच म्हणायची!” मावशी काही बोलली नाही. रात्री पणत्यांच्या वाती वळताना तिने मला हळूच विचारले, “म्हणजे मी जे सोसलं, ते माझ्या भल्याचंच होतं म्हणायचं का ग?”

मी शाळेत मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देते, कादंबरीतल्या माणसांना तर उत्तरे पढवतेसुद्धा. पण या प्रश्नापुढे गप्प बसले. ‘होय’ म्हटले असते तर तिला बरे वाटले असते. पण बरे वाटावे म्हणून खऱ्याला मुरड घालावी का?

आधी खरे काय ते पाहू. पहिल्या बाकावरची मुले अधिक पास होतात. म्हणून बाक गुण देतो काय? मास्तरांची नजर त्यांच्यावर आधी पडते एवढेच. आणि मुळात अभ्यासू मुलेच तिथे बसतात हेही असेल. इथेही तसेच. जिला फार जाते ती दवाखान्याची पायरी आधी चढते, म्हणून दुखणे लवकर हाती लागते. शिवाय ज्या संप्रेरकाच्या जोरावर हा विकार पोसतो, त्याच्याच जोरावर वाढणारा कर्करोग बहुधा सावकाश वाढणारा असतो. काही अभ्यासांत वय, रोगाची पायरी वगैरे जमेस धरल्यावर फरक फारसा उरलाच नाही. दोन गोष्टी सोबत चालल्या म्हणजे एकीने दुसरीला हात दिला असे होत नाही.

आणि मावशीच्या बाबतीत तर गोष्ट नेमकी उलटी होती. पाळी जाऊन पाच वर्षे झाल्यावर तिला पुन्हा डाग दिसू लागले. तिने ते कोणाला सांगितले नाही. “मला मेलीला सवयच होती,” ती म्हणाली. वीस वर्षांच्या सोसण्याने तिला एकच विद्या शिकवली होती, गप्प राहण्याची. आणि तीच विद्या तिच्या जिवावर उठणार होती. धुण्यातले कपडे सुनेने पाहिले, आणि तिसऱ्या दिवशी सासूला हाताला धरून नेले.

पाळी गेल्यानंतर रक्त दिसलेल्या शंभर बायकांतल्या सुमारे नव्वदजणींना कर्करोग नसतो. म्हणून घाबरू नये. पण पाळी गेल्यावर ज्यांना हा कर्करोग होतो, त्या शंभरांतल्या सुमारे नव्वदजणींना आधी रक्त दिसलेले असते. म्हणून लपवूही नये.

कुंतीने श्रीकृष्णाजवळ विपत्तीच मागून घेतली, अशी कथा आपण ऐकतो. पण ती तिने स्वतःसाठी मागितली. दुसऱ्या कोणी तिच्या पदरात घालून ‘हे तुझ्या भल्याचं’ असे म्हटले नव्हते. स्वतःच्या दुःखाला अर्थ देण्याचा अधिकार ज्याचा त्याला. दुसऱ्याच्या दुःखाला आपण अर्थ देऊ लागलो, की ते थांबवण्याची आपली जबाबदारी तेवढी हलकी होते. मावशीचे दुखणे वीस वर्षांपूर्वीही दाखवता आले असते. आम्ही कोणी विचारले नाही, हे ‘इष्टापत्ती’ म्हटल्याने झाकले जाते.

यंदा मावशी फराळाला आमच्याकडे आहे. परवा चकल्या पाडताना मी तिला उत्तर दिले, “मावशी, तू सोसलंस ते भल्याचं नव्हतं. सुनेनं पाहिलं, ते भल्याचं झालं.”

तिने घाणा उतरवला, आणि पहिली चकली सुनेच्या हातावर ठेवली.