मजुरी ही भीक नव्हे



सकाळी सात वाजता नाक्यावर हातात डबा घेऊन उभे असलेले मजूर आपण रोज पाहतो. दहानंतर परत तिथून गेलो तर त्यांतले काही जण अजून तिथेच असतात. आज त्यांच्या घरी चूल कशी पेटेल, हा प्रश्न आपल्या मनाला किती वेळा शिवतो?

मत्तयच्या शुभवर्तमानातील (२०:१-१६) द्राक्षमळ्याच्या मालकाला तो शिवला. दिवसभरात तो पाच वेळा बाजारात गेला. शेवटच्या तासाला आलेल्यांनाही त्याने पूर्ण दिवसाचा दीनार दिला, कारण त्यांच्या लेकरांची भूक काही तासांवर मोजता येत नव्हती.

जुन्या करारात मोशेचे नियमशास्त्र सांगते की गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, मग तो आपला असो वा परका (अनुवाद २४:१४-१५). संत याकोब तर बजावतो की अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरड करते (५:४). पोप लिओ तेरावे ह्यांनी १८९१ साली ‘रेरूम नोव्हारूम’ ह्या विश्वपत्रात शिकवले की, पोटासाठी मजुराने कमी मजुरी मान्य केली म्हणून ती न्याय्य ठरत नाही. २०२५ साली निवडून आलेल्या नव्या पोप महोदयांनी लिओ चौदावे हे नाव घेतले, त्यामागे ह्या शिकवणुकीचे स्मरण होते. आपल्या देशाचे सर्वोच्च न्यायालयही १९८२ साली ह्याच निष्कर्षाला आले: किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे ही वेठबिगारीच होय.

पण बंधू-भगिनींनो, गावात काम देणारा मालकच नसेल तर? १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो मजुरांपुढे हाच प्रश्न होता. तेव्हा शासन जणू द्राक्षमळ्याच्या मालकासारखे बाजारात गेले. रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. तिच्या खर्चासाठी १९७५ पासून नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवण्यात आला. आपल्या पगारातून दरमहा कापला जाणारा ‘पी.टी.’ तो हाच. शहरातल्या पगारदाराने आपल्या ताटातला एक घास खेड्यातल्या मजुरासाठी बाजूला काढावा, ही त्यामागची भावना. कर म्हणजे निव्वळ दंड नव्हे, ते शेजारधर्माचेही साधन आहे.

मात्र हे ओझे सर्वांवर सारखे पडते का? महिना दहा हजारांहून थोडे अधिक कमावणारा पुरुष कामगार वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर भरतो आणि लाखो रुपये पगार घेणारा अधिकारीही तेवढाच भरतो. राज्यघटनेने ह्या कराला १९८८ पासून हीच कमाल मर्यादा घातली आहे. २०२३ साली महिना पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना शासनाने ह्यातून सूट दिली, हे स्वागतार्ह आहे. पण आकडा सारखा असला म्हणजे न्याय झाला असे नाही. विधवेची दोन नाणी तोलताना प्रभूने पाहिले ते हे की, दान टाकल्यावर तिच्यापाशी काय उरले. कर ठरवणाऱ्यांनीही हाच प्रश्न विचारावा, असा आग्रह आपण नागरिक म्हणून धरला पाहिजे.

आणि आधी स्वतःच्या दाराशी पाहू या. घरकाम करणाऱ्या ताईंचा पगार आपण ठरल्या तारखेला देतो का? त्या आजारी पडल्या की पैसे कापतो का? वाडीत राबलेल्या मजुराला ‘उद्या ये’ म्हणून परत पाठवतो का? दुकानात ‘पावती नको, थोडे कमी करा’ म्हणताना शासनाचा, म्हणजे गरिबाचाच, वाटा आपण खिशात घालतो, हे आपल्या ध्यानात येते का? कामगाराचे देणे थकवून दानपेटीत टाकलेली नोट प्रभूला कशी आवडेल?

चला, ह्या आठवड्यात आपण एक संकल्प करू या: कोणाची मजुरी आपल्याकडे राहिली असेल, तर पुढच्या रविवारी मिस्साला येण्यापूर्वी ती चुकती करू.

हे प्रभू, सुताराच्या घरात घाम गाळलेल्या येशू, आमच्या हातून कोणाचाही घाम फुकट जाऊ देऊ नकोस. आमेन.