झोपलेल्या वेलीसाठी मागणं

आई तुळजाभवानी, सीमोल्लंघन झालं आणि तू पुन्हा पलंगावर पहुडलीस. आता पुनवेपर्यंत तुला उठवायचं नाही, असा तुझ्या दारचा दंडक. पण आमच्या बागेची छाटणी नेमकी याच दिवसांत येते, आणि आई झोपली म्हणून लेकरू बोलायचं थोडंच थांबतं!

वर्षातून तीनदा तू निजतेस : नवरात्राआधी, दसऱ्यानंतर आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी. द्राक्षवेलीलाही झोप लागते, पण तिच्या झोपेला आमच्याकडे मान नाही. थंड मुलखात ती पानं गाळून हिवाळाभर निजते, थंडीचा कोटा भरला की आपली आपण उठते. बालाघाटाच्या माथ्यावर तेवढी थंडी पडायची कुठून? म्हणून काटी-सावरगावकडच्या बागांत आम्ही तिला वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी. या दुसऱ्या छाटणीनंतर काडीवरच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावून आम्ही तिला हलवून जागं करतो. पेस्ट नाही लावली तर टोकाचा एखादा डोळा फुटतो आणि खालचे मुके राहतात. शेंड्यातून ऑक्सिन खाली उतरत असतं, ते खालच्यांना मान वर काढू देत नाही. तुरीचा शेंडा खुडला की फांद्या फुटतात त्यामागेही हेच आहे. आमच्या आज्यांना ऑक्सिन ठाऊक नव्हतं, खुडणी ठाऊक होती.

तर आई, पहिलं मागणं पेस्ट लावणाऱ्यांसाठी. हातमोजे द्यायचं काम माझं आहे, ते मी करीन. पण संध्याकाळी कामावरून सुटल्यावर त्यांचे पाय गुत्त्याकडे वळू देऊ नकोस. हे औषध अंगात भिनलेलं असताना दारू पोटात गेली की माणूस लालबुंद होतो, छातीत धडधडतं, श्वास लागतो. एवढा एक आठवडा तरी त्यांना घराकडची वाट दाखव. बाकीच्या आठवड्यांचं मागणं त्यांच्या बायका तुझ्याकडे स्वतंत्रपणे करतातच.

यंदाही घटातलं धान पिवळंजर्द आलं. शेतातली काळी माती, वर गहू-ज्वारीचे दाणे, मधे मातीचा घट आणि त्यातून पाझरणारं पाणी, यापलीकडे तू काही मागत नाहीस. तिसऱ्या माळेला मोड वर आले, नवव्या माळेपर्यंत वीतभर झाले आणि सगळेच्या सगळे दाराकडे कलले. ते तसे का कलतात हे चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी 1880 मध्ये लिहून ठेवलं. गवताच्या कोवळ्या कोंबांच्या टोकांवर त्यांनी टोप्या घातल्या, तर कोंब वाकायचे थांबले. उजेड टोकाला कळतो आणि वाकतं खालचं अंग. टोकाकडून निघालेलं ऑक्सिन सावलीच्या बाजूला जास्त साचतं, ती बाजू जास्त वाढते आणि कोंब उजेडाकडे झुकतो. आमच्या देवघरात हा प्रयोग दर नवरात्रात होतो आणि दसऱ्याला आम्ही तो टोपीत खोवून मिरवतो.

त्याच दाण्यात तू आणखी एक गोष्ट ठेवलीस. पाणी मिळालं की आतला अंकुर जिबरेलिन सोडतो. त्याची वर्दी मिळताच दाण्याच्या कडेचा थर जागा होतो, विकरं तयार करतो, आणि साठवलेल्या पिठाची साखर होऊन अंकुराच्या तोंडी लागते. हे जिबरेलिन माणसाला सापडलं ते एका रोगातून. भाताची काही रोपं वेड्यासारखी उंच वाढून आडवी पडत. जपानी शेतकरी त्यांना खुळी रोपं म्हणायचे. कुरोसावा नावाच्या संशोधकाने तैवानमध्ये 1926 साली दाखवलं की ही करणी एका बुरशीच्या रसाची आहे. आज तोच पदार्थ आम्ही ‘जीए’ म्हणून पुडीत विकत आणतो.

का आणतो, तेही तुझ्यासमोर सांगून टाकते. आमची थॉमसन काय, तास-ए-गणेश काय, बिनबियांची द्राक्षं. त्यांत फलधारणा होते, पण बी मोठं व्हायच्या आतच खुरटून जातं. मण्याला फुगायला सांगणारं जिबरेलिन बीच पाठवत असतं. बी गेलं की मण्याला सांगणारं कोणी उरत नाही, तो बारीकच राहतो. मग बायका ओळीने बागेत शिरतात, एका हातात मग, दुसऱ्या हाताने पान बाजूला सारायचं, घड मगात पुरता बुडवायचा, हळूच झटकायचा, पुढचा घड. मणी बाजरीएवढे असताना, पुन्हा ज्वारीएवढे झाले की. न जन्मलेल्या बियांचं काम त्या मगातून करतात. मान वर करून करून त्यांच्या माना अवघडतात, हातांना औषधाचा चिकट वास राहतो. आई, बाजारात मोठ्या मण्याला भाव आहे तोवर मी जीए सोडणार नाही, खोटं कशाला बोलू? फक्त मात्रा चुकू देऊ नकोस, आणि त्या मानांना रात्री उशीवर आराम पडू दे.

माळेला आम्ही तरवडाची फुलं आणतो. बांधावर, माळावर, ज्या रानात काही येत नाही तिथे हा पिवळाधमक फुलतो. त्याच्यापाशी कधी सकाळी उभं राहून बघावं. या फुलात मध नाही. परागकोश आपोआप उकलतही नाहीत, टोकाला तेवढी बारीक छिद्रं. काळा भुंगा येतो, फुलाला पायांनी कवटाळतो आणि पंख न हलवता अंग थरथरवतो. उडतानाचा सूर वेगळा, हा वेगळा, चढा. त्या थरथरीने छिद्रांतून पराग भुरकन उडतो. काही परागकोश भुंग्याला खाऊ घालण्यासाठी, आणि लांब देठांचे जे आहेत ते त्याच्या अंगाला पुढच्या फुलासाठी पराग चोपडण्यासाठी. पुढच्या फुलात तो पराग कुक्षीवर टेकला की त्यातून नळी फुटते, पार बीजांडापर्यंत उतरते. तिच्यातून दोन पुंपेशी जातात. एकीने गर्भ धरतो, दुसरीने त्या गर्भाची शिदोरी होते. घटातला गव्हाचा दाणा उगवला तो अशाच शिदोरीवर, आणि आमची भाकरीही शेवटी तीच. गर्भासोबत अन्न धाडल्याशिवाय तू कुणाला पाठवत नाहीस, हे पाहिलं की मला वाटतं, चिंता करायचा आमचा सोस जरा कमी व्हावा. होत मात्र नाही.

कारण पाणी, आई. तुझ्या या जिल्ह्यात शेवटी सगळी बोलणी पाण्यापाशी येतात.

ओल असली तर छाटलेल्या काडीच्या टोकाशी पाण्याचा थेंब धरतो, गळतो, पुन्हा धरतो. तो मुळांनी खालून लोटलेला असतो. पानं आली की कारभार उलटा होतो, ओढ वरून लागते. पानाच्या खालच्या अंगाच्या रंध्रांतून वाफ निघून जाते आणि तिच्यामागे पाण्याचा अखंड धागा मुळांपासून वर खेचला जातो. डिक्सन आणि जोली या दोघा आयरिश अभ्यासकांनी 1894 मध्ये हे मांडलं, तेव्हा पाण्याला एवढा ताण सोसेल यावर कित्येकांचा विश्वास बसला नाही. सोसतं, पण त्यालाही मर्यादा आहे. चैत्र-वैशाखाच्या दुपारी ताण फार झाला की धाग्यात हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती वाट बंद पडते. जमीन वाळू लागली की वेलीत ॲबसिसिक आम्ल वाढतं, पानांपर्यंत निरोप जातो आणि रंध्रं मिटतात. पाणी वाचतं, पण अन्न शिजत नाही. टँकर आणून बागा जगवल्या त्या उन्हाळ्यांत वेली अशाच तोंड मिटून उभ्या होत्या. आम्हीही. कधी मिटायचं हे वेलीला तू शिकवलंस. आम्हाला मात्र कोरड्या विहिरीशेजारी आणखी एक बोअर घेण्याचा मोह आवरत नाही. तेवढा आवर.

आणि देतेस तेव्हा एकदम देऊ नकोस. 2025 च्या सप्टेंबरात भूम-परंड्याकडे रानं पाण्याखाली गेली. बुडालेल्या मुळाला श्वास घेता येत नाही; पाण्यात कोंडून इथिलिन साचतं, पानं पिवळी पडून झुकतात. भरपूर पाण्यात उभं पीक तहानेल्यासारखं सुकतं. जे वाहून गेलं त्याबद्दल मी काही बोलत नाही. ज्यांची मातीच गेली त्यांच्या रानात पुन्हा माती धरू दे.

शेवटचं मागणं जरा अडचणीचं आहे. पुढच्या वर्षीचा घड माघ-फाल्गुनात हाती येत असला तरी ठरतो तो खरड छाटणीनंतर, वैशाख-ज्येष्ठात, डोळ्याच्या आत. तिथे एक कणाएवढा गोळा असतो. ऊन आणि ऊब मिळाली, मुळांकडून सायटोकायनिन पुरेसं आलं, की त्याचा घड होतो. आभाळ धरलं, वेल माजली, जिबरेलिन वरचढ झालं, की त्याचीच बाळी होते, तारेला वेटोळं घालणारी, एकही मणी नसलेली. हिवाळ्यात जे मी विकत आणून पाजते तेच उन्हाळ्यात घड जिरवतं. म्हणून त्या दिवसांत माझ्या वरच्या रानावर कडक ऊन असू दे, ढग नको. पण खालच्या पट्टीत तूर आहे, सोयाबीन आहे, शेजाऱ्यांचं तर सगळंच खरिपाचं. मृग लागला की त्यांना आणि मला पाऊस हवा, आणि तोही वेळेवर. वरच्या रानात ऊन आणि खालच्या रानात पाऊस, मधे बांध एवढाच. कसं जमवायचं ते तू बघ, आई. पुनवेला उठशील तेव्हा बघितलंस तरी चालेल.